साडूंनी मागून आणलेली भांडी

माझ्या साडूंइतका बिनदिक्कत मागणारा माणूस सोलापुरात दुसरा झाला नाही, आणि पुढं होईल असंही मला वाटत नाही. घरात मांडणीभर भांडी असताना हे गृहस्थ शेजारी चाळणी मागायला जात. अक्कलकोटला गेले की कानडीत खलबत्ता मागत, मागच्या गल्लीतल्या विणकरांकडं तेलुगूत कंदील मागत. एकदा कुर्डूवाडीला गाडीची वाट पाहताना, आभाळ कोरडं ठणठणीत असूनही, त्यांनी एका अनोळखी वकिलाची छत्री मागून घेतली आणि ती मिटलेलीच हातात धरून बसले. बरं, वस्तू बुडवत म्हणावं तर तसंही नाही. भांडं परत करताना ते कधी रिकामं देत नसत. शेंगाची चटणी नाहीतर मूठभर फुटाणे आत असायचेच. फक्त एक परत केलं की त्याच उंबऱ्यावर उभं राहून दुसरं मागत. माझं एक पितळी तपेलं मात्र त्यांच्याकडं गेलं ते तिथलंच झालं. ते आपण त्यांना आंदणात दिलं होतं का, असं माझी बायको मला दर सणाला विचारी.

मला या खोडीचं मोठं कुतूहल होतं. एकदा विचारलंच.

"पाव्हणं," ते म्हणाले, "ज्याचं भांडं आपल्या घरात, त्याचा डोळा आपल्या दारावर. आपण हाय का मेलो, एवढं तरी बघायला येतोय की."

मी पोट धरून हसलो होतो.

पुढं एकोणीसशे तीस सालच्या आसपास आम्ही दोघं चादरी विकायला रंगूनला गेलो. एका अरुंद गल्लीत माडीवर खोली मिळाली. मी मोठा शहाणा. परमुलखात वजनदार ओळख हवी म्हणून एका पेढीच्या मालकाला भेटून आलो. अडचण आली तर खुशाल या, म्हणत त्यानं मला आपलं कार्ड दिलं. साडूंनी तोवर गठ्ठेसुद्धा सोडले नव्हते. समोरच्या ओट्यावर जाड चिरूट ओढत बसलेल्या एका ब्रह्मी म्हातारीकडून हातवारे करून त्यांनी लाखेचा लाल वाडगा मागून आणला होता. दुसऱ्या दिवशी तो चटणी घालून परत गेला. म्हातारीनं चटणी चाखली, ठसका लागून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि आपणहून तसाच लाल, पण मोठा वाडगा काढून दिला. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं, पण रोज भरपूर बोलत.

एके दुपारी बंदरावर ब्रह्मी आणि हिंदुस्थानी हमालांत कामावरून भांडण झालं आणि बघता बघता शहरात हिंदुस्थानी माणूस दिसेल तिथं मार बसू लागला. मी कार्ड घेऊन पेढीकडं धावलो. लोखंडी दार बंद होतं. हाका मारल्या, कार्ड फटीतून आत सरकवलं. ते कुणी उचललंही नाही. कसाबसा परत आलो तर साडू भात ढवळत होते. तेवढ्यात जमाव गल्लीत शिरला आणि खालच्या दारावर काठ्या बसू लागल्या. मी बाजेखाली शिरलो.

मग म्हातारीचा आवाज आला. ती आमच्या उंबऱ्यावर उभी राहून साऱ्यांना झाडत होती. साडूंनी लाल वाडगा उचलला आणि खिडकीतून बाहेर धरला. म्हातारी त्याच्याकडं बोट दाखवून आणखी तडकली. आधी माझं भांडं परत मिळू दे, मग काय ते करा, असंच काहीसं म्हणत असावी, कारण जमावात कुणी तरी हसलं. काठ्या थांबल्या. माणसं गल्लीतून पुढं निघून गेली, तशी ती वर आली आणि आम्हा दोघांना मनगटाला धरून आपल्या घरी घेऊन गेली. जहाज सुटेपर्यंत आम्ही तिच्या तांदळाच्या पोत्यांमागं राहिलो. बंदरावर तिच्या मुलानं पोचवलं.

सोलापुरात सगळ्यांनी विचारलं, वाचलात कसे? मी म्हणालो, पेढीवाल्याच्या कार्डानं. आणि साडू? ते वाडगा घेऊन बसले होते, मीच ओढून आणलं. लोक खदखदून हसले आणि साडूंचं नाव 'वाडगेवाले' पडलं, ते जन्मभर. मी हे सांगत असताना ते तिथंच बसले होते. माझ्याकडं एकदा पाहून म्हणाले, "व्हय, पाव्हण्यांनीच आणलं." खरं काय ते आज लिहितो आहे.

परवाच्या थंडीत ते अंथरुणाला खिळले. एका सकाळी त्यांची सून माझं तपेलं घेऊन आली, काठोकाठ चटणी भरलेलं. म्हणाली, "मामंजींनी समद्यांची भांडी परत द्यायला सांगितल्यात."

चटणी ताटात ओतली, तपेलं विसळलं आणि तसाच उठून त्यांच्याकडं गेलो. बाजेजवळ ठेवून म्हणालो, असू दे तुमच्याकडंच.

त्यांनी आत बोटं फिरवली. "रिकामंच आणलं व्हय, पाव्हणं?"

मुलं, सुना, शेजारी, सगळे खोलीत होते. रंगूनचं तेव्हाच सांगता आलं असतं. मी म्हणालो, गडबडीत राहिलं. ते हसले आणि तपेलं उशाशी ओढून घेतलं.

ते गेल्यावर तपेलं परत आलं. आता ते माझ्या मांडणीवर असतं. त्यांचं दार आमच्या ओसरीवरून दिसतं, आणि सकाळी उठलो की मी अजून आधी तिकडंच पाहतो.