डाव्या चाकावरचे कुंकू

एकाच खुणेतून परस्परविरुद्ध अशा दोन गोष्टी सिद्ध होत असतील, तर त्या खुणेला पुरावा म्हणावे काय? प्रस्तुत लेखकाला या प्रश्नाचे उत्तर देता आलेले नाही. मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावर राहणाऱ्या अमरसिंग आडे यांच्यापुढे मात्र तो २०२२ च्या ऑक्टोबरात येऊन उभा राहिला, आणि तोही ट्रकच्या मागच्या डाव्या चाकाच्या रूपाने.

अमरसिंगला वस्तू उघडून पाहण्याचे वेड लहानपणापासूनचे. आईबापांबरोबर उसाच्या फडावर गेलेला असताना त्याने मुकादमाचा रेडिओ खोलला होता. जोडताना दोन स्क्रू उरले, तरी रेडिओ आधीपेक्षा बरा वाजू लागला, असे तो अजूनही छातीठोकपणे सांगतो. पुढे तो क्लीनर झाला, मग दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर, आणि चाळिशी उलटल्यावर त्याने स्वतःचा नवा कोरा ट्रक दारात आणला. विपरीत असे की, आयुष्यभर परक्या गाड्यांची पोटे उघडून पाहिलेल्या या माणसाला स्वतःच्या गाडीला पाना लावण्याची मुभा राहिली नाही. कंपनीच्या अधिकृत केंद्राबाहेर कोणी चाक खोलले, की वॉरंटी संपली. तांड्यावर याची थट्टा होई : अमरसिंगचे लग्न झाले खरे, पण नवरीचा घुंगट दुसऱ्यानेच उचलायचा.

सोयाबीन कारंज्याच्या बाजारात उतरवून परतताना त्याला गिअर-तेलाचा उग्र वास आला. वाकून पाहिले तर डाव्या चाकाच्या आतल्या बाजूने तेलाचा ओघळ उतरलेला. एक्सल, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, जिथे चाकात शिरतो तिथे तेल अडवून धरणारे रबरी सील असते; ते गळू लागले की तेल ब्रेकच्या लायनरवर जाते, आणि तेल प्यालेला ब्रेक नेमका उतारावर दगा देतो. एरवी ही चिंता मालापुरती राहिली असती. पण दिवाळीनंतर याच ट्रकमधून निम्मा तांडा ऊसतोडीला जाणार होता, बायकालेकरांसकट.

त्याचा चुलतभाऊ बादल हा त्या टोळीचा मुकादम. त्याने आडपडदा ठेवला नाही. “भाऊबीज झाली का निंगाचं हाय, दादा. तुह्या गाडीचं नक्की नसन तं सांग, दुसरी पाहतो.”

“तेल बंद झाल्याबिगर मी एकही लेकरू गाडीत चढू देनार नाही,” अमरसिंग म्हणाला.

शेलूबाजारच्या पुढे मोठ्या रस्त्यावरच्या कंपनीच्या केंद्रात सील बदलून झाले, आणि आठवड्याभरात पुन्हा गळू लागले. मध्ये दसरा आला. गोमतीबाईने, म्हणजे त्याच्या पत्नीने, रीतीप्रमाणे ट्रकची पूजा केली आणि चाकाच्या मधोमध गोलात बसवलेल्या प्रत्येक बोल्टावर हळदकुंकू लावले. त्यानंतर ट्रक दुसऱ्यांदा केंद्रात गेला. ग्राहकांनी काचेपलीकडे बसायचे असा तिथला नियम, त्यामुळे आत काय घडले ते अमरसिंगला दिसले नाही. कागदावर मात्र ‘सील बदलले’ असे होते.

चार फेऱ्यांत ओघळ परत आला. अमरसिंग चाकापाशी उकिडवा बसला. बोल्टांवरचे कुंकू जिथल्या तिथे होते. बोल्ट काढल्याशिवाय एक्सल निघत नाही, आणि एक्सल निघाल्याशिवाय सील हाती लागत नाही. पाना फिरला असता तर कुंकू फिसकटले असते. तेव्हा चाक उघडलेच नव्हते, एवढाच अर्थ त्यातून निघत होता.

तो तडक केंद्रात गेला. काउंटरवर योगिनी नावाची सल्लागार होती. शांत, नेमके बोलणारी. तिने नोंद पाहून सांगितले की सील नवेच आहे, थोडाफार घाम तर येणारच.

“घाम मानसाले येत असते, म्याडम. चाकाले कायचा घाम?” असे म्हणून त्याने तिला बाहेर नेले आणि कुंकू दाखवले. काम केलेला मेकॅनिक धम्मरत्न बोलावला गेला. मंगरुळपीरकडचा, तिशीतला, आयटीआय केलेला. खोलले होते, एवढेच तो म्हणाला.

“खोललं? मंग कुंकवाले हात कसा नाही लागला? तुमचा पाना सोवळ्यातला हाय काय?”

आजूबाजूचे ड्रायव्हर हसले. धम्मरत्न मान खाली घालून उभा राहिला, आणि त्या गप्प राहण्याने अमरसिंगची खात्री पटली.

घरी येऊन त्याने सारी हकीकत पत्नीला ऐकवली, थोडी तिखटमीठ लावून. गोमतीबाईला मात्र आपले कुंकू चार फेऱ्यांच्या धुळीत टिकले याचेच नवल वाटले. ती ट्रकपाशी गेली, पदराने बोल्टावरची धूळ टिपली आणि निरखून पाहू लागली. ती आधी हळद लावते, मग तिच्यावर अनामिकेने कुंकू. इथे कुंकवाखाली हळदीचा मागमूस नव्हता, आणि ठसे जाड, अंगठ्याचे होते. हे आपले बोट नव्हे, असे तिने निर्वाळा दिल्यासारखे सांगितले.

अमरसिंग उसळला. म्हणजे चोरी ती चोरी, वर नकली कुंकू! पण गोमतीबाई तेवढ्यावर थांबली नाही. घरात ती दोघे गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत बोलतात; तिचे म्हणणे वऱ्हाडीत असे होईल : “ज्यानं खोललंच नाही, त्याचा हात कुंकवाले लागलाच कुठं? आन पुसल्याच नाही गेलं, तं पुन्हा लावाची गरज काय पडली त्याले?”

ज्या कुंकवाने चाक बंद होते असे सकाळी सिद्ध केले, त्याच कुंकवाने ते उघडले गेल्याचे संध्याकाळी सिद्ध होत होते. राग ओसरला आणि त्याची जागा त्या जुन्या खोडीने घेतली. आत काय आहे? सील खरेच बदलले असेल तर तेल येते कुठून? आणि परक्या गाडीला कुंकू लावणारा हा मेकॅनिक आहे तरी कोण?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत त्याने धम्मरत्नला केंद्रासमोरच्या चहाच्या टपरीवर गाठले. भांडण काढायचे नव्हते हे पटवायला त्याने आधी चहा मागवला.

“पान्यानं पुसल्या गेलं, काका,” धम्मरत्न म्हणाला. “आमच्या घरी आमी हे काही करत नाही. पन तुमच्या घरच्या बाईनं मनापासून लावलेलं. तिले पुसलेलं कसं वापस देऊ? काउंटरवर पूजेचा कुंकवाचा करंडा होता, थो आनला.”

“मंग हळद काहून नाही लावली?”

“हळदीचं मले कुठं ठाऊक?”

अमरसिंगला हसू आवरेना. हसू ओसरल्यावर त्याने विचारले, त्या दिवशी हे का बोलला नाहीस?

“मीच लावलं म्हनलं असतं, तं तुमी काय म्हनले असते? चोरी झाकाले लावलं म्हनून.”

“म्हनलो असतो,” अमरसिंगने कबूल केले.

मग खरी गोष्ट निघाली. पहिले सील फुटले तेव्हा आत रेती गेली होती आणि सील ज्या पोलादी कड्यावर फिरते त्या कड्याला खाच पडली होती. खाचेवर बसवलेले नवे सील टिकणार कसे? धम्मरत्नने हे दोन्ही वेळा काउंटरवर सांगितले होते. पण सीलची मागणी कंपनीकडे लगेच मंजूर होते, कड्यासाठी मात्र फोटो आणि चौकश्या लागतात. म्हणून वरून हुकूम एकच : सील बदला, गाडी सोडा.

अमरसिंग काउंटरवर गेला. धम्मरत्नचे नाव त्याने घेतले नाही. आपल्यासमोर चाक उघडावे, एवढेच मागितले. योगिनीने नियम सांगितला. त्यावर तो म्हणाला की आपण हात मागे बांधून उभे राहू, आणि या गाडीत कोण कोण बसणार आहे तेही त्याने सांगितले, घराघरांची नावे घेऊन. योगिनीने वरिष्ठांच्या केबिनकडे पाहिले आणि ती उठली. ती स्वतःही आली. काउंटरवरच्या तीन वर्षांत चाकाचा आतला भाग तिनेही पाहिला नव्हता.

ड्रम उतरला, हब सुटला. सील खरोखर नवे होते. धम्मरत्नने कडे पुसून पुढे धरले. हात बांधण्याचे वचन विसरून अमरसिंगने त्यावरून नख फिरवले, नख अडकले. योगिनीनेही फिरवून पाहिले. तिथेच मोबाईलवर फोटो काढून तिने तो कंपनीला पाठवला.

कडे बदलले गेले. भाऊबीजेनंतर बादलची टोळी अमरसिंगच्याच ट्रकमधून निघाली. पहिल्या घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबवून त्याने चाकाच्या आतून तळवा फिरवला, तो कोरडा निघाला, आणि मग त्याने गाडी घाटाला लावली.

कड्याचा खर्च केंद्राच्या वरिष्ठांना रुचला नाही. ग्राहकापुढे खाच उघडी केली म्हणून धम्मरत्नला दुरुस्तीवरून काढून गाड्या धुण्याच्या रांगेत ठेवण्यात आले. मार्च २०२४ मध्ये त्याने ती नोकरी सोडली आणि शेलूबाजारला स्वतःचे गॅरेज सुरू केले.