अर्धं छप्पर

क्रिसांतो मांग्लिकमोतची उंची पाच फूट सहा इंचांवर थांबली, तेव्हा कामाचिले गावानं त्याच्यावरची आशा सोडली. आमच्याकडे पोरगं चालायला लागलं की त्याच्या हातात बास्केटबॉल येतो, आणि दाराच्या चौकटीला त्याचं डोकं लागत नाही असं दिसलं की लोक तो हळूच काढून घेतात. सांतोच्या मावशीनं (आमच्याकडे मावशीला तिया म्हणतात) मात्र आशा सोडली नाही, कारण तिनं ती धरलीच नव्हती. तिया बासिलियाचा जीव होता तिच्या भातात. बहीण हाँगकाँगला दुसऱ्यांची मुलं सांभाळायला गेली, तेव्हा पाच वर्षांचा सांतो तिच्याकडे आला, आणि पहिल्या दिवसापासून तोही भाताच्या कामाला लागला.

गावात सपाट सिमेंट एकाच ठिकाणी होतं, चॅपलसमोरच्या बास्केटबॉलच्या मैदानावर. त्यामुळे कापणी झाली की तिथे भात वाळत पडायचं आणि खेळ बंद. यात कुणाला काही वावगं वाटत नसे, आधी पोटोबा. बाकीची पोरं आंब्याखाली बसून वाट बघायची. सांतोला वाट बघणं जमायचं नाही. दाताळं फिरवताना चालता यावं म्हणून तिया भात आणि कडेची रेघ यांच्यामध्ये दीड वितीची पट्टी मोकळी ठेवायची. त्या पट्टीवरून हा पायात स्लिपर घालून चेंडू आपटत जायचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. चेंडू गुडघ्याच्या वर उसळला की भातात जाणार, आणि भातात गेला की दाताळ्याचा दांडा पाठीत. प्रत्येक फेरीनंतर तिया कमरेत वाकून बघायची. "चार दाणे हलले," म्हणायची. नाहीतर, "सात हलले." शाबास हा शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. नवऱ्यानंही नाही, आणि तिच्या लाडक्या डुकरिणीनंही नाही.

मनिलाच्या कॉलेजात निवडीसाठी गेला, तेव्हा तिथले सहाफुटे त्याला बघून हसले. प्रशिक्षकानं गंमत म्हणून दोघांना त्याच्या अंगावर सोडलं. चेंडू त्यांच्या घोट्यांखालून गेला आणि हसू थांबलं. पुढे व्यावसायिक संघांनी खेळाडू निवडले, तेव्हा याचं नाव इतक्या शेवटी पुकारलं की सभागृहातल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. पण पुकारलं.

अकरा वर्षं तो पॉइंट गार्ड म्हणून खेळला. चेंडू पुढे न्यायचा, खेळ मांडायचा, आणि टाळ्या दुसऱ्याला मिळू द्यायच्या, असं ते काम. चार संघ झाले. दोनदा तर एकाच वर्षात नारळ मिळाला. समालोचकांनी त्याचं नाव बुब्वित ठेवलं, म्हणजे उंदराचं पिल्लू, आणि सांतोनं ते बुटांवर छापून घेतलं. दर रविवारी तो तियाला फोन करायचा. जेवलास का, हा तिचा पहिला प्रश्न. दुसरा, "रेघेवर पाय पडला नाही ना?"

चौतिसाव्या वर्षी तो संघाबरोबर अंतिम सामन्यात पोचला. सात सेकंद उरले होते, एक गुण कमी होता, आणि दोन धिप्पाड खेळाडूंनी त्याला मैदानाच्या कडेला कोंडलं. त्यांचे पाय आणि रेघ यांच्यामध्ये दीड वीत जागा होती. सगळ्या देशाला वाटलं, संपलं. कामाचिलेत टीव्हीसमोर बसलेल्या म्हाताऱ्यांनी मात्र एकमेकांना कोपरानं ढोसलं, कारण ती दीड वीत त्यांच्या ओळखीची होती. सांतो त्या फटीतून निघाला, चेंडू बास्केटखाली उभ्या उंच गड्याला दिला, त्यानं तो आत टाकला, आणि संघ जिंकला. त्या संध्याकाळी गावात तीन डुकरं भाजली गेली. तियाची डुकरीण वाचली.

बक्षिसाच्या पैशातून सांतोनं गावाला जे दिलं, ते आमच्याकडच्या प्रत्येक गावाचं स्वप्न असतं: मैदानावर छप्पर. उंच लोखंडी खांब, निळे पत्रे. पत्र्यावर त्याचं नाव रंगवलं, आणि त्याखाली दुप्पट मोठ्या अक्षरांत गावचे कप्तान, म्हणजे सरपंच, ओनेसिमो यांचं. आयत्या बिळावर नागोबा! पाद्रींनी पवित्र पाणी शिंपडलं, गावानं टाळ्या वाजवल्या, आणि सांतो छाती फुगवून मनिलाला परतला.

ऑक्टोबरच्या कापणीत तो न कळवता गावी निघाला. गावाच्या अलीकडे बस रेंगाळली आणि ड्रायव्हर शिव्या घालू लागला. महामार्गाची अर्धी बाजू भातानं भरली होती. कडेला दगडांची रांग लावलेली, आणि डोक्यावर गवती टोपी घालून त्याची सत्तरीची मावशी दाताळं हलवत येणाऱ्या ट्रकला अडवत होती. ट्रक वळला, पण एक चाक भातावरून गेलंच.

सांतो बसमधून उतरला. आमच्या रीतीप्रमाणे तियाचा हात धरून त्यानं आपल्या कपाळाला लावला.

"तिया, इथे का वाळवता?"

"इथे ऊन चांगलं आहे."

"मैदानावर?"

ती चाकाखाली चिरडलेलं भात हातानं सारखं करू लागली. "मैदानावर आता पाऊस लागत नाही," ती म्हणाली. "ऊनही लागत नाही. छान झालंय. तू दिलंयस ना."

मग त्याला हळूहळू कळलं. छपराखाली भात कुबट व्हायला लागलं, तसं सगळं गाव रस्त्यावर आलं होतं. दिलेल्या भेटीला नावं ठेवायची आमच्याकडे कुणाची प्राज्ञा नाही; जीव गेला तरी चालेल, पण देणाऱ्याचं तोंड उतरता कामा नये. त्यातून तियानं सगळ्यांना बजावलं होतं, पोराच्या कानावर कुणी घातलं तर गाठ माझ्या दाताळ्याशी आहे. सांतोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विजेतेपद, टाळ्या, पत्र्यावरचं नाव, सगळं त्याला त्या चिरडलेल्या भातापुढे फोल वाटलं.

रविवारच्या प्रार्थनेनंतर त्यानं गावाला मैदानावर थांबवलं आणि सांगितलं, छप्पर काढायचं.

कप्तान ओनेसिमो दचकले. "अरे, छप्पर काढणारं गाव म्हणून अख्ख्या प्रांतात नाव होईल आपलं. लोक हसतील तुझ्यावर."

"हसू देत, कप्तान. अकरा वर्षं हसलेत, मला सवय आहे. मी घडलो तो या भातामुळे, आणि मीच त्याचं ऊन अडवलं. चूक माझी आहे."

शेवटी तिया उठली. "अर्धंच काढ," ती म्हणाली. "पोरांनाही सावली लागते."

गावानं इतका मोठा सुस्कारा सोडला की चॅपलच्या पायरीवरचा कुत्रा उठून बसला. कप्तानांनी तेवढं विचारलं, की आपलं नाव कुठल्या अर्ध्यावर आहे. काढलेले पत्रे मागच्या वादळात उघड्या पडलेल्या नऊ घरांवर बसवले गेले.

मार्चच्या कापणीत मैदानाच्या एका अर्ध्यात पोरं सावलीत खेळत होती, आणि दुसऱ्या अर्ध्यात भात उन्हात पिवळं झालं होतं. तियानं कडेला पट्टी मोकळी ठेवली होती. तिनं पोरांकडून चेंडू घेतला आणि सांतोपुढे धरला.

"चल."

"तिया, गुडघा गेलाय माझा."

"गुडघ्याच्या खाली ठेव मग."

पोरं खेळ थांबवून बघायला आली. सांतो वाकला आणि निघाला. चेंडू पूर्वीसारखाच घोट्याशी चिकटून चालला. टोकाशी पोचता पोचता मात्र गुडघा लचकला, टाच भातात टेकली आणि मूठभर दाणे रेघेपलीकडे उडाले. त्यानं तिथेच मान खाली घातली.

तिया सावकाश आली, कमरेवर हात ठेवून वाकली, आणि बराच वेळ बघत राहिली. त्याच्या बुटाला चिकटलेले दाणे तिनं बोटानं झटकले. मग सरळ उभी राहिली आणि पोरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"एकही दाणा हलला नाही. शाबास."