दादाची झोपलेली अँबॅसडर

"दिसायला तर एकदम शरीफ गाडी आहे हो, पण पोटात काय काय भरून ठेवलं त्या पोट्ट्यानं!"

बोरसीहून गाडी बघायला आलेला माणूस आमच्या अंगणात बॉनेट उघडून उभा होता. सोबत आणलेल्या मिस्त्रीने आत वाकून बघितलं आणि म्हणाला, "निकाल देंगे साहब, सब निकाल देंगे. आधे दिन का काम है."

मी स्वयंपाकघराच्या खिडकीमागे उभी होते. हातातला कप मी पुन्हा पुन्हा विसळत होते… आधे दिन का काम. दादाची दोन वर्षं गेली होती त्यात.

आधीच सांगते, अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. तुमच्या मासिकाच्या या सदरातले गूढ अनुभव मी आईला मोठ्याने वाचून दाखवायची आणि मनातल्या मनात कारणं शोधत बसायची — वारा असेल, ताप असेल, अर्धवट झोप असेल. बहुतेक वेळा कारण सापडायचंही. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं आहे. आज विश्वास बसला आहे असंही मी म्हणत नाही. जे झालं ते लिहिते आहे, इतकंच.

आम्ही राहतो भिलाईत, रुआबांध्याला, शेवटच्या ओळीतल्या क्वार्टरमध्ये. मागे शेतं आहेत आणि बाजूने उतईकडे जाणारा रस्ता. बाबा स्टील प्लांटच्या ऑफिसात, मूळचे वर्ध्याकडचे. आई चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली. शेखरदादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. डिप्लोमा करून प्लांटच्या मशीन शॉपला लागला होता.

गाडी बाबांची. क्रीम रंगाची जुनी अँबॅसडर, मागच्या काचेला आईने शिवलेले लेसचे पडदे, टपावर सामानाचं कॅरियर. रायपूरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात दादाला एक परदेशी मासिक मिळालं आणि त्यातून हे खूळ सुरू झालं. बाहेरून म्हाताऱ्या माणसाची वाटावी अशी साधी गाडी, आणि आत असं इंजिन की मागच्याला कळायच्या आत ती दिसेनाशी व्हावी.

"याला स्लीपर म्हणतात," दादाने आईला सांगितलं.

"स्लीपर रुळाखाली असतात रे बाबा," आई म्हणाली. "माझ्या बापानं जन्मभर तेच मोजले."

दादा इतका हसला की त्याला ठसका लागला.

दुर्ग रोडवरच्या कबाड्याकडून, म्हणजे भंगारवाल्याकडून, त्याने एका डिझेल इंजिनचा टर्बो आणला. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक छोटा पंखा फिरतो आणि तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, एवढंच ते असतं. पण पेट्रोलच्या जुन्या इंजिनाला ते सोसत नाही. म्हणून त्याने तांब्याचा पत्रा कापून इंजिनाच्या सांध्यात बसणारी जाड गॅस्केट बनवली, पाइप स्वतः वेल्ड केले, तेलाची वेगळी लाइन ओढली. सगळं घरामागच्या शेडमध्ये. आईच्या पापडांच्या पाटावर त्याचे स्पॅनर वाळत असायचे.

बाबा दर गुरुवारी त्याच गाडीने आईला बाजारात नेत. त्यांना कळू नये म्हणून दादाने ॲक्सिलरेटरच्या पेडलखाली लाकडाचा एक गुटका बसवला होता. पेडल अर्ध्यावरच थांबायचं आणि टर्बो जागाच व्हायचा नाही. "हा बाबांचा लगाम," तो म्हणायचा. रविवारी सकाळी आम्ही दोघं निघालो की गुटका निघायचा. परत आलो की पुन्हा बसायचा.

आम्ही दोघं, कारण माझं तिथे काम होतं. अशा इंजिनात हवा-पेट्रोलचा किंवा ठिणगीच्या वेळेचा मेळ चुकला तर आतून एक बारीक आवाज येतो, मुठीत खडे खुळखुळवल्यासारखा. तो ऐकू आला की पाय लगेच उचलायचा. नाही उचलला तर पिस्टन वितळतो. लहानपणी दादाचा कान फुटला होता, बारीक आवाज त्याला कळत नसत. म्हणून त्याने इंजिनला पितळेची एक नळी बोल्टने आवळली, तिला रबरी पाइप जोडून तो डॅशबोर्डखालून आत घेतला आणि टोकाला एका मोडक्या स्टेथोस्कोपची कानात घालायची टोकं लावली. स्प्रिंग तुटली होती, त्यामुळे ती दोन्ही हातांनी कानावर दाबून धरावी लागत. खडे ऐकू आले की मी एक हात सोडून दादाच्या खांद्यावर दोन बोटांनी दोनदा थोपटायचं, असं ठरलं होतं.

मी फार बोलणारी नाही. शाळेत इंग्रजी, बाहेर हिंदी, घरात मराठी… तिन्ही भाषांत मी गप्पच असायची. दादाने मला असं काम दिलं होतं ज्यात बोलावं लागत नव्हतं. टर्बोची शिट्टी सुरू झाली, पाठ सीटला चिकटली आणि कानात नुसता स्वच्छ गुरगुराट आला, की तो माझ्याकडे बघायचा. मी मान हलवायची. "क्या बात है, बेबी!" एवढंच.

बाबांचं आणि त्याचं मात्र बोलणं बंद होतं. प्लांटमध्ये पुढच्या पोस्टसाठी परीक्षा असते. ती द्यायच्या दिवशी दादा शेडमध्ये वेल्डिंग करत राहिला. त्याला आठवणच नव्हती. बाबा दारात उभे राहून म्हणाले, "कबाडी होशील तू. लोकाचे पोट्टे ऑफिसर होऊन राहिले, अन् हा कबाडी होऊन राहिला." दादाने वेल्डिंगचा चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. त्यानंतर एकत्र जेवायला बसूनही दोघं माझ्यामार्फत बोलायचे. "बेबी, त्याले सांग, उद्या लवकर उठायचं आहे." "बेबी, बाबांना सांग, गाडीत पेट्रोल भरलंय." मी दोघांकडे बघायची. मीठ सरकवायची.

पावसाळा संपता संपता दादाला ताप आला. सगळ्यांना साधा मलेरिया वाटला. तो डोक्यात गेला होता. हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा तो आम्हाला ओळखत नव्हता. बाबा पलंगाच्या पायाशी उभे राहिले. दोन्ही हातांनी लोखंडी दांडी धरून तसेच, तासन् तास. पुढे झाले नाहीत, त्याच्या कपाळाला हात लावला नाही. एकदाच म्हणाले, "शेखर, मी आहो इथं." दादाने डोळे उघडले नाहीत. आणि मग उघडलेच नाहीत.

बाबा रडले नाहीत. ऑफिसला जायला लागले. जेवताना त्याच्या रिकाम्या पाटाकडे पाठ करून बसू लागले. थंडी सुरू झाली तेव्हा एक दिवस म्हणाले, "गाडी विकून टाकू." तोवर ती शेडमध्ये तशीच उभी होती.

बोरसीच्या माणसाने गाडी पसंत केली. सोमवारी न्यायची ठरली. आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, बाबांनी किल्ली घेतली. "बॅटरी चालते का पाहून येतो एक चक्कर."

सोमवारी मिस्त्री सगळं काढून टाकणार होता. बॉनेटखाली काहीबाही जोडलंय एवढंच बाबांना दिसलं होतं, पण त्यातून त्यांच्या मुलाने काय केलं होतं हे त्यांना कळणारच नव्हतं. कबाडी, एवढंच त्यांच्याजवळ राहणार होतं. मी आधी शेडमध्ये गेले, पेडलखालचा गुटका काढला आणि बाबांच्या बाजूला जाऊन बसले. रबरी पाइप बाहेर ओढून मी टोकं कानाला लावली.

"हे काय आहे?" बाबांनी विचारलं.

मला वाटतं, तोवर मी बाबांशी एका वेळी इतकं कधीच बोलले नव्हते. टर्बो, तांब्याची गॅस्केट, खडे, सगळं सांगितलं. गुटकाही दाखवला. खांद्यावर थोपटण्याचं मात्र सांगायचं राहिलं, कारण ते मला बोलण्यासारखं काही वाटलंच नाही. बाबा गुटका हातात फिरवत राहिले.

"मले कावून नाही सांगितलं त्यानं?"

मी टोकं पुन्हा कानांवर दाबली. उत्तर त्यांनाही माहीत होतं.

उतई रोड मोकळा होता. काचा वर होत्या, थंडी होती. बाबा नेहमीसारखे हळू चालवत होते. मग एकदम म्हणाले, "तो किती दाबायचा पेडल?"

"पूर्ण."

त्यांनी पेडल पूर्ण दाबलं.

शिट्टी सुरू झाली. आईचे पडदे थरथरले. गाडी अशी उठली की बाबांच्या तोंडून "अरे…!" निघालं. मी त्यांच्याकडे बघितलं. चेहरा एकदम उघडा झाला होता, लहान मुलासारखा. आणि त्याच वेळी माझ्या कानात खडे सुरू झाले. दोन-अडीच महिने टाकीत पडून पेट्रोल बिघडलं असणार. मी दचकून टोकं आणखी घट्ट दाबली, नीट ऐकायला — खरंच तेच आहे ना? आवाज वाढत होता. आणि मी हात सोडायच्या आत बाबांनी पाय उचलला.

गाडी आपोआप मंदावत कडेला आली. बाबांनी इंजिन बंद केलं.

"तोंडानं सांगायचं ना, थांबा म्हणून," ते म्हणाले. "थोपटून काय सांगतेस?"

मला आधी कळलंच नाही. मग दिसलं. त्यांचा डावा हात त्यांच्या उजव्या खांद्यावर होता. दाराकडच्या, माझ्यापासून लांबच्या. अँबॅसडरला पुढे एकच लांब सीट असते, मी पाठीमागून हात टाकला असं त्यांना वाटलं. आणि बाबा रडायला लागले. स्टिअरिंगवर डोकं ठेवून, दादा गेल्यापासून पहिल्यांदा.

माझे हात अजूनही कानांवरच होते. मागच्या सीटकडे बघायचा धीर मला झाला नाही. बघितलं तेव्हा तिथे आईची बाजाराची पिशवी होती, दुसरं काही नव्हतं.

घरी आल्यावर मी दादाचा पाना घेऊन इंजिनाचे स्पार्क प्लग काढले. त्यांच्या पांढऱ्या चिनी मातीवर बारीक चमकणारे ठिपके होते, म्हणजे पिस्टनचा धातू सुटायला लागला होता. आणखी थोडा वेळ पेडल दाबलेलं राहिलं असतं तर काही उरलं नसतं. खडे खरे होते, एवढं मी शपथेवर सांगू शकते.

बाबांनी सोमवारी बोरसीच्या माणसाला परत पाठवलं. "नाही विकायची. पोराची आहे."

त्यानंतर बाबा बदलले. माझ्याशी बोलू लागले. रविवारी "चल बेबी, ऐकायला" म्हणून हाक मारू लागले. आईला म्हणाले, "तिनं हात टाकला अन् मले वाटलं, घरात कोणी आहे आपलं." मी ते ऐकत होते आणि त्यांची समजूत दुरुस्त करत नव्हते. खरं सांगायचं तर मला ते हवंसं वाटत होतं. आणि रात्री पडल्या पडल्या दादाचा रागही यायचा. तुझे कान मी होते ना… मग माझ्याकडे का नाही आलास?

कारणं मी खूप शोधली. स्नायू आखडला असेल. सीटची स्प्रिंग उसळली असेल. खडे त्यांनीच ऐकले असतील — पण नळीशिवाय ते ऐकू येत नाहीत, आणि ऐकले असते तरी, ते खडेच आहेत हे मला पटायच्या आतच त्यांनी पाय उचलला होता. आणि दोन बोटांनी दोनदा, हे तर मी त्यांना सांगितलंच नव्हतं. मी नंतर सहज विचारलं, कसं थोपटलं होतं? त्यांनी माझ्या मनगटावर करून दाखवलं. दोन बोटं. दोनदा.

मागच्या महिन्यात आम्ही दोघं अंगणात गाडी पुसत होतो. बाबा बॉनेटवरून फडकं फिरवता फिरवता थांबले.

"आपल्या घरात अशी रीत नाही, बेबी. मी माझ्या बापाच्या खांद्यावर कधी हात नाही टाकला. शेखरनं माझ्या नाही. तू टाकला, म्हणून जगून राहिलो मी." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो मात्र माझ्यावरचा राग घेऊनच गेला. शेवटपर्यंत बोलला नाही माझ्याशी."

फडकं त्यांच्या हातात तसंच होतं. मला समजत होतं की मी बोलले तर तो हात माझा राहणार नाही, आणि कदाचित रविवारही नाही. आतून आईच्या कुकरचा आवाज येत होता. मी माझं फडकं बॉनेटवर ठेवलं.

"बाबा," मी म्हणाले, "त्या दिवशी माझे दोन्ही हात कानांवर होते."