दहा हाका, एक साखळी

चौतीस वर्षं शाळेत कवायत शिकवलेल्या माणसाचं घरचं कुत्रंच ऐकत नाही, याची गल्लीत भारी मजा चालायची. गल्ली त्यांना शिट्टीसर म्हणायची. एका शिट्टीत सहाशे पोरं जागच्या जागी थांबवणारे हे सर मैदानात शिट्टी फुंकून फुंकून लाल व्हायचे, आणि साखळी सुटलेली त्यांची कुत्री भिंगरी पार पलीकडच्या टोकाला टिटव्यांच्या मागे. पालथ्या घड्यावर पाणी नुसतं!

भिंगरी मेंढ्या राखणाऱ्या जातीची. मेंढ्या नव्हत्या, म्हणून ती सायकली वळायची, चेंडू वळायची; एकदा तर पोस्टमनला वळून फाटकाशी आणून उभं केलं होतं. तिला घरी आणलं सरांच्या मुलीने. पुढे मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, तिथल्या भाड्याच्या खोलीत कुत्रं चालत नव्हतं, आणि भिंगरी सरांकडे राहिली. सरांची बायको जाऊन चार वर्षं झाली होती. त्या दोन खोल्यांत आवाज म्हणजे एक फ्रिजचा आणि एक भिंगरीचा.

एका रविवारी मुलीचा फोन आला. "बाबा, नवीन घर मिळालंय. समोर मोकळं मैदान आहे, कुत्रं मोकळं सोडता येतं. फक्त हाकेला परत येणारं हवं. येते का भिंगरी?"

"बघतो."

"येत असेल तर महिनाअखेरीला न्यायला येते."

सरांच्या मनात काय आलं ते सांगून टाकायला हवं, कारण त्यांनी ते कुणालाच सांगितलं नाही. हिला काही आलं नाही तर ही इथंच राहील, असं आलं. दोन दिवस त्यांनी शिट्टी खुंटीवरून काढली नाही. पण जन्मभर शिकवण्याची खोड लागलेली. तिसऱ्या दिवशी ते गोदामांसाठी राखणीची कुत्री तयार करणाऱ्या बाईंना मैदानावर घेऊन गेले. बाईंनी दहा मिनिटं नुसतं पाहिलं.

"सर, तुम्ही तिला बोलावता कधी?"

"घरी जायचं असलं की."

"आणि आली की?"

"साखळी लावतो. मग काय ओवाळू?"

"मग ती शहाणी आहे म्हणून येत नाही. तुमची शिट्टी वाजली की मजा संपली, हे तिला पक्कं पाठ झालंय. दहा वेळा बोलवा. नऊ वेळा खाऊ द्या आणि परत सोडा. साखळी दहाव्यांदा. आधी लांब दोरी बांधून करा, घाई नको."

सर घुश्शातच घरी निघाले. पण वाटेत त्यांना बाईंच्या बोलण्यात भिंगरी दिसेना, मुलगी दिसायला लागली. दीड वर्षापूर्वी ती आली होती तेव्हा "दोन दिवस राहा की" म्हटलं तर ऐकेना, म्हणून सरांनी तिच्या गाडीची किल्ली पिठाच्या डब्यात लपवली. तिने दुपारपर्यंत घर पालथं घातलं. कामावरची महत्त्वाची बैठक हुकली. किल्ली सापडल्यावर ती एक शब्द बोलली नाही. पीठ झटकलं आणि गेली. तेव्हापासून फक्त फोन, आणि त्यातही पहिला प्रश्न भिंगरीचा. त्यांची माया होती हो, कोण नाही म्हणतंय! पण शेवटी साखळीच ती.

दुसऱ्या दिवसापासून वीस मीटरची दोरी आणि खिशात उकडलेल्या कलेजीचे तुकडे. शिट्टी, कलेजी, "जा!" पहिल्यांदा भिंगरीचा विश्वासच बसेना, ती सरांच्या हाताकडे बघत उभी राहिली, साखळी कुठे लपवलीय म्हणून. तिसऱ्या आठवड्यात दोरी नुसती मागे फरफटत होती, चौथ्यात सरांनी ती काढूनच टाकली. एका सकाळी टिटवी उडाली, भिंगरी सुसाट मागे धावली, सरांनी शिट्टी वाजवली, आणि ती अर्ध्यातून वळून धूळ उडवत आली. सरांना आनंदाने भरून आलं. पण आता मुलीला तिला न्यायला काहीच आडकाठी नव्हती.

मुलगी आली. मैदानावर सरांनी सगळं करून दाखवलं.

"बाबा, एवढी हाकेला आली आणि तुम्ही परत सोडलंत?"

"नाहीतर परत येईल कशाला?"

हे तोंडातून गेलं आणि सर खिशातली कलेजी चाचपायला लागले. सरांच्या एक लक्षात आलं होतं. आल्यापासून मुलीने गाडीची किल्ली हातातून खाली ठेवली नव्हती. अंघोळीला जातानाही ती घेऊन गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी भिंगरीची थाळी, दोरी, उरलेली कलेजी पिशवीत भरली आणि गळ्यातली शिट्टी मुलीला दिली. "दहातली नऊ वेळा सोडायची, विसरू नकोस." फाटकही त्यांनीच उघडलं. "निघ. ऊन चढायच्या आत पोचशील." परत कधी येणार, हा प्रश्न जिभेवर होता. तो त्यांनी गिळला.

ती फाटकात थांबली. मग आत वळली आणि किल्ली टेबलावर ठेवली.

"चहा घेऊन निघते, बाबा."

सरांना तो चहा रमतगमत करता आला असता. त्यांनी रोजच्यासारखाच केला. किल्लीकडे पाहिलं नाही. ती चहा प्यायली, कप विसळून ठेवला, किल्ली उचलली.

गाडी कोपऱ्यापर्यंत गेली. मागच्या काचेतून भिंगरी बघत होती. सरांचा हात आपोआप गळ्याशी गेला. शिट्टी तिथं नव्हती, ते बरंच झालं.