दादाच्या फ्रेमशेजारची जागा

मी आज जो काही आहे तो सुनंदावहिनीमुळे. माझ्या थोरल्या भावाची, महेशदादाची बायको. पुढे जे सांगणार आहे ते शेवटी तिच्याकडेच जातं, म्हणून तिचं नाव आधी घेतलं. बाकी मी साधा माणूस... बी.एस्सी. केमिस्ट्री, आनंदनगर एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. भुतंखेतं, आत्मे यांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आणि खरं सांगायचं तर शिफ्ट संपवून घरी आल्यावर असल्या गोष्टींचा विचार करण्याइतकं त्राणही अंगात उरत नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. मी सातवीत असताना दादाचं लग्न झालं आणि दहावीत असताना तो अपघातात गेला. वहिनी माहेरी परतली नाही. उल्हासनगर कॅम्प तीनला जीन्सच्या एका कारखान्यात धागा कटिंगला लागली — शिवून आलेल्या पँटींचे लोंबणारे दोरे दिवसभर कापायचे. संध्याकाळी यायची तेव्हा बोटं निळी झालेली असायची. मी शाळकरी पोरगा, तरी मला अहोजाहो करायची.

"भाऊजी, आज काय शिकवलं ते मोठ्यानं वाचा."

"तुला काय कळणार त्यातलं?"

"धडा नाही कळला तरी तुम्हाला कळलाय की नाही, ते कळतं मला. वाचा गुमान."

माझं कॉलेज तिच्या त्या निळ्या बोटांवर झालं.

तीन वर्षांपूर्वी वहिनीनं दुसरं लग्न केलं. वांगणीचे एक विधुर गृहस्थ, चांगले आहेत म्हणतात. आईनं तिचं नाव टाकलं. "आजपासून ती आपली कुणी नाही," एवढंच म्हणाली. मी तेव्हा कमावता होतो, माझं लग्न झालं होतं, तोंड उघडू शकलो असतो. मी गप्प बसलो.

आता भिंतीबद्दल. आम्ही बदलापूर पश्चिमेला, मांजर्लीत राहतो. आधी तळमजल्यावर होतो. पुराच्या वर्षी तिथं छातीइतकं पाणी आलं, फोटोंचे अल्बम चिखलात गेले. मग याच सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं आलो. हॉलची एक मोठी भिंत अगदी मोकळी होती. माझ्या बायकोनं, पूजानं, मोबाइलवर 'गॅलरी वॉल' पाहिली आणि म्हणाली, आपणही करू, पण कमीत कमी खर्चात. कॅम्प तीनच्या बाजारातून कोपऱ्यांचे टवके उडालेल्या फ्रेम्स आणल्या. टवक्यांवर तिनं नेलपॉलिश लावलं. जुन्या कॅलेंडरमधली चित्रं, आईच्या विरलेल्या साडीचा काठ, फोटोंच्या मागे पुठ्ठ्याऐवजी जीन्सच्या चिंध्या. फ्रेमच्या मापाचे वर्तमानपत्राचे तुकडे कापून आधी भिंतीवर चिकटवायचे, लांबून बघायचं, हलवायचे, आणि मनासारखं जमलं की त्या कागदातूनच खिळा ठोकायचा. दोन रविवार यात गेले. पाठ मोडून आली, पण बरं वाटत होतं.

अडलं ते दादाच्या फोटोपाशी. पुरातून त्याचा एकच फोटो वाचला होता, लग्नातला. दादा आणि त्याच्या डाव्या हाताला वहिनी.

आई म्हणाली, "गेलेल्याचा फोटो जित्यांच्यात लावतात का? दक्षिणेच्या भिंतीला लाव, हार घाल."

पूजा म्हणाली, "आई, सगळ्यांच्यात असू द्या ना त्यांना. एकटे कशाला?"

आईनं भिंतीवरच्या कागदांकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरं. पण त्याचा एकट्याचा लाव. तिला काप."

मी कापली. हे लिहिताना लाज वाटतेय, पण कापली. स्टुडिओवाल्यानं कॉम्प्युटरवर फोटो उघडून विचारलं होतं, "भाभी को निकाल दूँ? पर चूड़ी रह जाएगी किनारे पे." मी म्हणालो, "निकाल दो." त्यानं बांगड्यासुद्धा पुसून दिल्या.

रविवारी संध्याकाळी नऊ फ्रेम्स लागल्या. दादा मधल्या ओळीत, बघणाऱ्याच्या डाव्या टोकाला, आणि तिथून खिडकीपर्यंत भिंत मोकळी.

सोमवारी चारच्या सुमारास कामावरून आलो तर दादाची फ्रेम खिडकीकडे सरकलेली. चारेक बोटं. वाकडी नाही, तिरकी नाही... अगदी सरळ, पण सरकलेली. वाटलं, आपलंच माप चुकलं असेल. मंगळवारी आणखी चार बोटं. आता फ्रेम उचलून पाहिली. मागे खिळा होता, घट्ट. म्हणजे फ्रेमबरोबर खिळाही सरकला होता.

मी पूजावर घसरलो. "मस्करी पुरे झाली."

"मी तुझ्याआधी घर सोडते, तुझ्यानंतर येते," ती म्हणाली. "घरातला केर काढायला वेळ नाही मला, आणि मी खिळे ठोकत बसू?"

राहिली आई. तिचे गुडघे गेलेत, स्टुलावर चढणं सोडाच, ती पलंगावरून आधाराशिवाय उठत नाही. शिवाय दिवसभर त्याच खोलीत टीव्हीसमोर असते.

"कुणी आलं होतं?"

"कोण येतंय? दुधवालासुद्धा खालून हाक मारतो."

"ठोकल्याचा आवाज?"

"नाही रे. इथंच तर बसलेय मी."

बुधवारी सकाळी निघण्यापूर्वी मी पेन्सिलनं फ्रेमच्या चारी बाजूंनी भिंतीवर रेघ मारली. माझं काम तपासणीचं आहे, दुसरं काही सुचलं नाही. संध्याकाळी आलो. पेन्सिलची चौकट जागेवर होती, फ्रेम तिच्यातून चार बोटं बाहेर. मोबाइलचा टॉर्च लावून मी भिंत इंच इंच तपासली, बोट फिरवलं. जिथं मी स्वतः हातोडीनं खिळा ठोकला होता तिथं भोक नव्हतं. बुजवलेलंही नव्हतं. रंग सलग होता, बाकीच्या भिंतीसारखा.

मी तसाच खुर्चीत बसलो. बूटही काढले नव्हते. भीती वाटली असं नाही म्हणता येणार... फार थकल्यासारखं वाटलं. वर्षानुवर्षांचं थकल्यासारखं.

आई माझ्याकडे बघत नव्हती, भिंतीकडे बघत होती. दादाच्या उजव्या अंगाला, म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडे, खिडकी आली होती. आणि डाव्या हाताला जागा मोकळी झाली होती. फोटोत वहिनी उभी होती त्याच बाजूला.

"ती उभी राहील एवढी जागा झाली," आई म्हणाली.

मी बुटांच्या नाड्या सोडायला लागलो.

"काय करायचं ते कर," ती म्हणाली आणि टीव्हीचा आवाज वाढवला. थोड्या वेळानं पाहिलं, तर पदरानं डोळे पुसत होती.

त्यानंतर फ्रेम हललेली नाही. याला तीन आठवडे झाले. सोसायटीतल्या एका इंजिनीअर मित्राला भिंत दाखवली. तो म्हणाला प्लॅस्टर सरकतं कधीकधी. मग भोक कुठं गेलं विचारल्यावर चहा पिऊन निघून गेला. मी आता उत्तर शोधत नाही. वहिनीला फोन लावायची हिंमत झाली नाही, म्हणून पत्र लिहिलं. तिचं उत्तर अजून आलेलं नाही. पत्र असं होतं :

सुनंदावहिनीस, नितीनचा नमस्कार.

घरी एक प्रकार घडला आहे, तो भेटल्यावर सांगेन. त्यामागे दादा आहे की आणखी काही, मला माहीत नाही. पण त्यामुळे मला हे लिहावं लागतंय, जे तीन वर्षांपूर्वीच लिहायला हवं होतं.

तुझ्या लग्नाच्या दिवशी मी ड्युटी असल्याचं कळवलं होतं. ड्युटी नव्हती. मी वांगणीत आलो होतो. नाक्यावरून तुमच्या मांडवातली गाणी ऐकू येत होती. पिशवीत तुझ्यासाठी साडी होती. तिथं रसवंतीवर अर्धा तास बसलो आणि परत फिरलो. आईला काय सांगू, या भीतीनं. तू मला कशालाही न घाबरता शिकवलंस आणि मी एवढ्याला घाबरलो. ती साडी अजून कपाटात आहे.

दादाशेजारी तुझा फोटो लावायचा आहे. लग्नातला नको. त्यातून मी तुला कापून घेतलंय, आणि तशीही ती तू आता नाहीस. आत्ताचा पाठव, त्यांच्यासोबतचा. किंवा दोघं या, इथंच काढू.

हे लिहितोय तेव्हा आई शेजारी बसली आहे. तिनं तुला काही लिहायला सांगितलेलं नाही. फक्त आत्ता म्हणाली, "दोघांचा असेल तर फ्रेम आडवी आण. उभीत मावायचे नाहीत."

तुझा,
नितीन