कुड्यांतले सुटे हिरे

सोनं विकलं की त्याचा किस्सा होत नाही. दुकानात गेलं, काट्यावर ठेवलं, फळ्यावरचा भाव पाहिला, विषय संपला. हिऱ्याचं तसं नाही बाप्पा! हिरा काढला की समोरचा आधी आपल्या तोंडाकडे पाहतो आणि विचारतो, "काहून विकून राहिले?" या एका प्रश्नापायी आमच्या भिशीत वर्षभरात इतके किस्से जमले, की चहा उकळायच्या आत कोणीतरी एखादा काढतंच. सांगताना आम्ही हसतो. पण पोटभर हसू येत नाही, कारण हिरे कुसुमताईचे होते.

कुसुमताई माझी शेजारीण. अमरावतीला आमची भिंतीला भिंत. तिच्या सासूच्या हिऱ्यांच्या कुड्या होत्या. पोराच्या लग्नात सोनं मोडलं, हिरे तेवढे एका डबीत कापसात राहिले. पुढे नात झाली, परी. चालायला लागली, धावायला लागली, पण हाकेला काही वळेना. नागपूरला दाखवलं. जन्मतःच ऐकू येत नाही, म्हणाले. ऑपरेशन करून कानात यंत्र बसवता येईल, पण बोलणं शिकायचं वय निघून चाललंय, आता उशीर करू नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पोरानं इकडून तिकडून बरंच जुळवलं होतं. जे कमी पडत होतं ते त्या डबीत होतं.

*

पहिल्यांदा मीच तिला सराफ्यात घेऊन गेले. सराफानं डोळ्याला भिंग लावलं, एकेक हिरा चिमट्यानं उचलून पाहिला आणि म्हणाला, "खरे आहेत ताई." आम्ही खूश!

"पण सुटे हिरे आम्ही विकत घेत नाही. बदल्यात दागिना न्या. नवे सेट दाखवू?"

"मले दागिना नाई पायजे जी. मले पोरीचे कान पायजे."

त्याला काय कळणार! म्हणाला, "बरं, मग बिल आणा, सर्टिफिकेट आणा. बघतो."

"सासूले तिच्या सासूनं देल्ले. बिल कोनाले मांगू?"

"मग अवघड आहे."

"हाव, अवघडच हाये. सासूले वरून खाली बोलवा लागते!"

सगळं दुकान हसलं. बाहेर येऊन ती पायरीवर बसली ती बराच वेळ उठलीच नाही. मी बळंबळंच उसाचा रस पाजला आणि घरी आणली.

*

आमच्या भिशीत पुष्पा आहे. तिला सगळं येतं. ती म्हणाली, "सराफाचं काय ऐकता? हिऱ्यावर फुंकर मारा. वाफ धरली नाई का समजा खरा." आता ही पुष्पा रोज सकाळी प्राणायाम करणारी बाई. तिनं छाती भरून दम घेतला आणि असा काही सोडला, की दोन बारके हिरे कागदावरून उडाले!

मग काय विचारता! सगळ्या भिशीच्या बाया मोबाइलचे टॉर्च लावून फरशीवर रांगत. कोणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, कोणाला मणक्याचा त्रास, पण सगळ्या चार पायांवर! एक सतरंजीच्या घडीत सापडला, दुसरा पुष्पाच्याच निऱ्यांत.

"खरा हाये म्हनून तर पळाला!" पुष्पा म्हणाली.

आम्ही हसून हसून बेजार. कुसुमताई तेवढी जागची हलली नव्हती. डबीचं झाकण हातात धरून बसली होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. 

*

माझ्या भाच्यानं मोबाइलवर जाहिरात टाकून दिली. फोटो काय झकास आला होता! पहिला फोन धामणगावहून.

"सारे नाई पायजेत बाई. टोकदार असा एकच द्या."

"एकच कशाले?"

"काच कापाले! माह्यं खिडक्यायचं दुकान हाये."

मी फोन हातानं झाकून हसायला लागले. तर कुसुमताई माझी बाही ओढून हळूच विचारते, "एकाचं काय देईन म्हन्ते तो?"

मला स्वतःचीच लाज वाटली.

*

मग आली परतवाड्याची बाई. बोलायला गोड, हिरे पाहून डोळे चमकले तिचे. आमच्याकडे रीतच आहे, हिरा एकदम घेत नाहीत. दोन-चार रात्री उशाखाली ठेवून पाहतात, लाभतो की नाही. ओळखीतली होती, म्हणून कुसुमताईनं डबी विश्वासानं दिली. जाता जाता बाईनं विचारलं, "काहून विकून राहिले पण?" कुसुमताईनं काही न लपवता सगळं सांगितलं. परीला बाहेर आणून दाखवलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाई डबी घेऊन दारात हजर!

"वाईट नका वाटून घेऊ ताई. पन कानातले हिरे, अन् त्याच घरात पोरगी अशी. हिरे लाभले नाईत तुमाले. आमाले कसे लाभतीन?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चांगलं तोंडावर सुनावणार होते. पण कुसुमताईनं मला हातानं थांबवलं, त्या बाईला चहा दिला, कुंकू लावलं आणि फाटकापर्यंत सोडून आली. नंतर माझ्याकडे पाठ करून भांडी घासत राहिली. ती भांडी घासलेलीच होती.

*

"खरं सांगाची गरजच काय?" पुष्पा तिच्यावर ओरडली. "म्हनाचं, नवीन डिझाइन कराची हाये! घरी सगळं बेस हाये! येवढंच. म्हना पाहू माह्यासंगं." आणि खरंच दुपारभर तालीम घेतली! कुसुमताई शाळेतल्या पोरीसारखी म्हणत होती, "नवीन डिझाइन कराची हाये."

आठवड्यात एक दलाल आला. त्यानं विचारलं, "काहून विकता?" कुसुमताई म्हणाली, "नवीन डिझाइन..." आणि तिथंच अडली. मग पदर डोळ्याला लावला आणि नागपूरच्या डॉक्टरांपासून सगळं सांगून टाकलं. दलाल चप्पल घालून निघून गेला.

"मले नाई जमत व पुष्पे," ती म्हणाली. "आजवर कदी बोलली नाई मी खोटं." ते खरं होतं. साधी पाव्हण्यांना "नाही" म्हणायची वेळ आली तरी तिला खोटं कारण सुचायचं नाही.

*

अकोल्याचं घर पुष्पानंच शोधलं. सुनेचं डोहाळजेवण होतं, तिच्यासाठी जुन्या पद्धतीच्या कुड्या करायच्या होत्या. म्हणजे हिरे हवेच होते त्यांना. मी आणि कुसुमताई एसटीनं गेलो. परीची आई तापानं पडलेली, म्हणून परीही सोबत.

घरातल्या सासूबाई मोठ्या समजदार वाटल्या. त्यांचा ओळखीचा सराफ येऊन हिरे पाहून गेला होता, भाव ठरला होता. सून समोरच बसली होती, सातवा-आठवा महिना असेल. परी कुसुमताईच्या मांडीवर, तिच्या बांगड्या वरखाली करण्यात दंग.

"विचारते म्हणून राग मानू नका," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या घरी बाळ येणार आहे. तुमच्या घरी लेकरंबाळं बरी आहेत ना?"

"बरी हायेत," कुसुमताई म्हणाली. 

सुनेनं बिस्किट पुढं केलं. "ये गं, ये बाळा!" परीनं पाहिलं नाही. सुनेनं टाळी वाजवली. तरी पाहिलं नाही. सासूबाईंचा चेहरा बदलला. डबी त्यांच्या हातात होती, ती त्यांनी हळूच टीपॉयवर ठेवली.

"हिला ऐकू येत नाही का?"

"नाई येत."

"तुमची नात?"

कुसुमताईनं परीच्या केसांवरून हात फिरवला. आवाज जरासुद्धा हलला नाही तिचा.

"नाई जी. शेजारची हाये. तिची माय बिमार हाये, म्हनून आनली सोबत."

"अरेरे," सासूबाई म्हणाल्या. "बिचारी." आणि डबी परत उचलली.

परतीच्या गाडीत कुसुमताई परीला छातीशी धरून, तिच्या कानाला तोंड लावून मूर्तिजापूर येईपर्यंत एकच म्हणत होती, "माही हायेस व माय. माहीच हायेस." परीला कानात श्वासाच्या गुदगुल्या होत होत्या, ती खदाखदा हसत होती.