अष्टमीचा समुद्र

चहा घ्या आधी, मग सांगतो. कारण ऐकताना तुम्ही हसणार आणि तो चहा माझ्या शर्टावर उडणार. काय झालं, मी एकदा अख्खी गाडी समुद्राला अर्पण करायला निघालो होतो. बरं, गाडी माझी असती तर एक वेळ चाललं असतं. ती होती रावसाहेबांची!

आम्ही तिघे फोटोवेडे. रावसाहेब निफाडचे, द्राक्षबागायतदार, मनानं राजा माणूस. सुनील अंबडला कंपनीत, लेन्सला बाळासारखं जपणारा. आणि तिसरा मी. गोदाघाट झाला, धरणं झाली, वणीचे डोंगर झाले, रावसाहेबांच्या बागेतला घड न् घड झाला. राहिला होता फक्त समुद्र.

मग ठरलं! पहाटे निघायचं, डहाणूकडचा किनारा गाठायचा, सूर्यास्त टिपायचा आणि घरी परतायचं. रावसाहेबांनी नवीकोरी गाडी काढली. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं, बसलं की चर्रचर्र वाजायचं. निघताना वहिनींनी बजावलं होतं, "गाडीला ओरखडा येता कामा नये हां. उद्या माझ्या माहेरी न्यायचीये."

तारीख मी काढली होती. मुद्दाम अष्टमी! का म्हणून काय विचारता? अहो, भरती कधी येते? पौर्णिमेला आणि अमावस्येला! मग अष्टमीला समुद्र सुट्टीवर. हे ज्ञान मी त्र्यंबकपासून जव्हारपर्यंत प्रत्येक वळणावर दोघांना पाजलं.

वाटेत थांबत, फोटो काढत दुपारी पोचलो तर काय, पाणी कुठच्या कुठे लांब! मधे नुसती सपाट, ओली, चकाकती वाळू. आमच्या डोळ्यांचं पारणं फिटलं.

"गाडी घ्या खाली," मी फर्मावलं. "थेट खडकांपाशी. सामान कोण वाहणार?"

"सर, पाणी आलं तर?" रावसाहेबांनी ब्रेकवरचा पाय काढला नाही.

"रावसाहेब, आज चंद्र अर्धा. अर्ध्या चंद्रात ताकद ती किती?"

"तुम्ही म्हणताय तर घेतो."

काय विश्वास हो त्या माणसाचा!

मग आम्ही जे सुटलो! खडक, शंखशिंपले, होड्या, खेकडे. एका खेकड्यानं सुनीलला चांगलं पळवलं, त्याचेही फोटो काढले. सूर्य कलला, रंग असे उतरले की बोलायचं कामच नाही.

"सर," सुनील हळूच म्हणाला, "मघाशी तिथे एक खडक होता ना?"

"तुझा अँगल बदललाय."

थोड्या वेळानं रावसाहेब. "सर, गाडीच्या चाकाला पाणी लागलंय."

"वा!" मी आनंदानं ओरडलो. "प्रतिबिंब मिळेल! कुणी हलू नका!"

आणि मी, देवाशपथ, त्या बुडत्या गाडीचे फोटो काढत बसलो. उभे, आडवे, गुडघ्यावर बसून. गुडघे भिजले तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला.

पळालो! रावसाहेबांनी गाडी सुरू केली. चाकं जागच्या जागी गरगर फिरली आणि मागे उभ्या आम्हा दोघांच्या तोंडावर वाळूचा सडा. गाडी आणखी खाली बसली. मागून लाट आली आणि नंबरप्लेट दिसेनाशी झाली.

सुनीलनं मोबाइल काढला. "सर, यात लिहिलंय भरती रोज येते. दोनदा."

"अष्टमीलासुद्धा?"

"अष्टमीला थोडी कमी. पण येते."

"अन् हे तू आत्ता बघतोस?"

"तुम्ही होतात ना, म्हणून बघितलं नाही."

रावसाहेब नुसते गाडीच्या टपावर हात ठेवून उभे. त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं हो!

नशीब, किनाऱ्यावरून गावातली माणसं ट्रॅक्टर घेऊन धावत आली. दोर बांधला, आम्ही मागून रेटा दिला, मी तर नाकातोंडात खारं पाणी जाईपर्यंत रेटत राहिलो. आणि फस्सकन गाडी सुटली! वर आल्यावर चालूही झाली. मला रडूच कोसळलं. रावसाहेबांनी पाठीवर थाप मारली. "जाऊ द्या सर. धुतली की झाली. आपण तर लय मजा केली."

ट्रॅक्टरवाला दोर गुंडाळत म्हणाला, "कुठले तुम्ही?"

"नाशिकचे."

"वाटलंच. अन् गाडी खाली घ्यायला कुणी सांगितलं?"

सुनीलचं बोट आपोआप माझ्याकडे वळलं. "सरांनी."

"सर? कशाचे सर?"

मी जमिनीकडे बघायला लागलो. तेवढ्यात रावसाहेब पुढे झाले. ज्यांची गाडी बुडत होती, ते रावसाहेब!

"चित्रकलेचे हायेत," ते ठणकावून म्हणाले. "लय भारी माणूस."

"हां, तरीच!" ट्रॅक्टरवाल्याचं समाधान झालं. "चित्रकलेवाल्याला भरतीचं काय कळणार?"

मी मान डोलावली. काय करणार? सोमवारी पहिल्या तासाला सातवीच्या वर्गात मला भूगोल घ्यायचा होता. धडा भरती-ओहोटीचा.